भेगेला भुलवणारा शिंपला

१९७७ साली जॉन करी या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने शिंपल्यांच्या आतल्या मोतिया अस्तराचे तुकडे ताणून तोडून पाहिले आणि अभियंत्यांना चार दशके पुरेल एवढे काम दिले. हे अस्तर ९५ टक्के ॲरॅगोनाइटचे, म्हणजे खडूच्याच रसायनाचे. एरवी ठिसूळ असणारा हा स्फटिक शिंपल्यात चिवट कसा होतो? सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीच्या चकत्या विटांसारख्या रचलेल्या, मध्ये प्रथिने आणि कायटिनचा पातळ लेप. भेग या लेपात शिरते, वळते, चकत्या किंचित सरकतात आणि तिचा जोर तिथेच जिरतो. शिवाय वजन पोलादाच्या जेमतेम एक-तृतीयांश.

मला सर्वांत धाडसाचे वाटते ते १९९० चे पाऊल. तोवर सिरॅमिक म्हटले की दोष हुडकून काढून टाकायचे. क्लेग या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकच्या पातळ थरांमध्ये मुद्दाम ग्रॅफाइटचा कच्चा लेप दिला आणि तो ठोकळा मोडायला शंभरपटींहून अधिक ऊर्जा लागली!

१९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरात संशोधकांनी शिंपल्याच्या लेपातली प्रथिने ताणली, तेव्हा ती एका झटक्यात तुटली नाहीत, टप्प्याटप्प्याने उलगडत गेली. लेपाचे महत्त्व तिथे पुरते कळले.

पण इतके बारीक थर रचायचे कसे? बर्कलीच्या प्रयोगशाळेने उत्तर समुद्राच्या बर्फात शोधले. खारे पाणी गोठताना बर्फ मीठ बाहेर ढकलतो. २००६ मध्ये तिथे सिरॅमिकची भुकटी मिसळलेले पाणी गोठवले. बर्फाच्या पापुद्र्यांमध्ये भुकटीचे थर बसले. बर्फ उडवून सांगाडा भाजला आणि पोकळ्या दुसऱ्या पदार्थाने भरल्या. २००८ मध्ये ॲल्युमिना हे सिरॅमिक आणि ॲक्रिलिक यांचा असा पदार्थ, ऊर्जेच्या हिशेबात, आपल्या घटकांपेक्षा ३०० पटींपर्यंत चिवट निघाला.

गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी लावलेले चपटे शिंपले वेगळीच युक्ती वापरतात, हे एमआयटीने २०१४ मध्ये दाखवले. त्यांत ९९ टक्के कॅल्साइट. आघात होताच स्फटिक अतिसूक्ष्म पातळीवर कूस बदलतात आणि इजा छोट्या जागेत अडकते, म्हणून पारदर्शकपणा टिकतो. त्याच वर्षी मॅकगिल विद्यापीठात, भेगेला वळवण्यासाठी लेझरने आत बारीक कोरलेली काच साध्या काचेच्या २०० पट चिवट ठरली.

२०२१ मध्ये मॅकगिलमध्येच काचेच्या चकत्या आणि ॲक्रिलिकपासून चिवट, पारदर्शक तुकडे तयार झाले. आकार मात्र सेंटिमीटरांतलाच. शिवाय बर्फातून घडवलेल्या ॲल्युमिनाच्या सांगाड्याला सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसची भट्टी लागते. शिंपला हे काम समुद्राच्या पाण्यात, पाण्याच्याच तापमानाला करतो. भट्टी टाळायची कशी, हाच पुढचा प्रश्न आहे.