सारंगखेड्याचा आकाशपाळणा

मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या निमित्ताने, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तापीकाठच्या या यात्रेची ख्याती घोड्यांच्या बाजारामुळे दूरवर पसरली आहे. मुलांचे डोळे मात्र आधी शोधतात तो आकाशपाळणा. सातपुड्यातील पाड्यांवरून आलेल्या पोरांना उंचीचे नवल ते काय असणार? पण डोंगर फिरत नाही! पाळणा वर गेला की तापीचे पात्र, केळीचे आणि उसाचे मळे व उत्तरेकडील सातपुड्याची रांग एका दृष्टिक्षेपात येते. आपला मुलूख असा वरून पाहण्याचे सुख चार पैशांत मिळते, हे काही थोडे नव्हे.

हाताने फिरवायचे लाकडी पाळणे जत्रांतून पूर्वापार होतेच. पोलादी महाचक्र प्रथम उभे राहिले ते 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळे ते साल आपल्याकडे विवेकानंदांच्या नावाने स्मरणात आहे. जॉर्ज फेरिस या पूल बांधणाऱ्या अभियंत्याच्या त्या चक्राची उंची 264 फूट होती आणि त्याच्या 36 डब्यांत प्रत्येकी 60 माणसे मावत. लंडनचे 2000 साली खुले झालेले चक्र 135 मीटर उंच आहे. मुंबईतही वांद्रे रेक्लमेशनवर तसेच चक्र उभारण्याचा मनोदय 2020 साली राज्य सरकारने जाहीर केला होता. राजधानीने लंडनशी स्पर्धा अवश्य करावी. परंतु ज्या पाळण्यात खेड्यापाड्यांतील माणसे आजच बसत आहेत, त्याची चिंता कोणी वाहावयाची?

महानगरातील चक्राचा पाया एकदाच घातला जातो. दुबईचे 250 मीटरचे चक्र ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाले, मार्च 2022 मध्ये सुधारणांसाठी बंद ठेवले गेले आणि डिसेंबर 2024 मध्येच पुन्हा फिरू लागले. जत्रेतल्या पाळण्याला अशी उसंत कोठून मिळणार? त्याचे बिऱ्हाड पाठीवरच असते. एक यात्रा उठली की नटबोल्ट सोडायचे, सांगाडा मालमोटारीत भरायचा आणि पुढच्या गावी तो पुन्हा उभारायचा. चालवणारा अनुभवी असतो. एका बाजूस भार पडू नये म्हणून समोरासमोरच्या पाळण्यांत माणसे बसवण्याचे भान तो राखतो. तथापि, काळ्या मातीत आधार किती खचला, कोणत्या सांध्याला चीर गेली, हे नुसत्या अनुभवाने कळत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये मोहालीच्या मेळाव्यात उंच पाळणा माणसांसह खाली कोसळला आणि अनेकजण जखमी झाले.

परवाना देताना कागद पाहिला जातो, लोखंडही पाहिले जावे. यात्रा अनेक दिवस चालते. तेव्हा एक तपासणी उभारणीनंतर आणि दुसरी मध्यावर, एवढे तरी व्हावयास हवे. नंदुरबारच्या शासकीय तंत्रनिकेतनातील अध्यापकांना यात सामील करून घेतले, तर विद्यार्थ्यांनाही भार आणि समतोल यांचा धडा फळ्यावाचून मिळेल. आणि तपासणीची तारीख तिकीटखिडकीवर लिहावी, तिकिटाच्या दराइतक्याच ठळक अक्षरांत.