मणका दबला तर सिमेंट भरावे का?

घरातील दादी-नानीची कंबर दुखू लागली की ‘वय झाले’ म्हणून आपण मोकळे होतो. मग बाम चोळतो, गरम पाण्याची पिशवी देतो. पण बादली उचलताना पाठीत एकदम कळ आली आणि कुशीवर वळणेही मुश्कील झाले, तर मणका दबून मोडलेला असू शकतो. हाडे ठिसूळ झाली असतील तर जोराची शिंकही त्याला पुरते. मोड बहुधा एक्स-रेमध्ये दिसतो. तो ताजा की जुना, हे एमआरआय सांगतो.

मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराची सुरुवात १९८४ साली फ्रान्समध्ये झाली. त्याचे नाव व्हर्टिब्रोप्लास्टी. रुग्णाला पालथे झोपवून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत जाड सुई पाठीतून मणक्यात नेतात आणि हाडांचे खास सिमेंट सोडतात. ते काही मिनिटांतच घट्ट होते. कायफोप्लास्टीत आधी आत छोटा फुगा फुगवून जागा करतात. मोठी चीर नाही. बरेच रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात.

मग सर्वांनी हेच करावे का? २००९ साली दोन चाचण्यांत काही रुग्णांवर खरा उपचार झाला, काहींवर नुसता देखावा. आराम दोघांना जवळपास सारखाच! २०१६ साली ऑस्ट्रेलियातील चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतील मोड व तीव्र वेदना असलेल्यांना फायदा दिसला. आम्हाला वाटते, घाई नको आणि फार उशीरही नको. बहुतेकांचे दुखणे गोळ्या आणि थोड्या आरामाने दोन-तीन महिन्यांत उतरते. गोळ्या घेऊनही ज्यांना उठवत नाही, त्यांनी हा उपचार डॉक्टरांना जरूर विचारावा. सिमेंट मणक्याबाहेर झिरपण्याचा धोकाही विचारून घ्यावा. पाय लुळे पडले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठावे.

सिमेंटने एक मणका सावरतो, बाकीचे ठिसूळच राहतात. म्हणून डेक्सा तपासणी, ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हाडांचे औषध यांचे विचारल्याशिवाय इस्पितळातून निघू नये. दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर तेही सांगावे.

पुढे वाकल्याने मणक्याच्या पुढच्या भागावर भार येतो. आजाऱ्याला खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत आहे, तरी दादी सजद्याचा हट्ट सोडत नाहीत. नातवंडांचे त्या ऐकायच्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितले आणि मौलाना साहेबांनी दुजोरा दिला, तर ऐकतील.