चौकातला हात आणि आपले वळण

वाहतुकीचा दिवा बंद पडला, एखादी मिरवणूक निघाली किंवा शाळा सुटण्याची वेळ झाली, की चौकाची सूत्रे यंत्राकडून माणसाच्या हाती येतात. राजवाडा, रीगल, पलासिया, गीता भवन ही आपल्या इंदूरकरांच्या रोजच्या येण्याजाण्याची ठिकाणे. तिथे मध्यभागी उभा असलेला शिपाई उन्हातान्हात हात हलवीत असतो आणि आपण त्या हाताकडे पाहून गाडी वळवतो. त्या हाताचा नेमका अर्थ काय आणि त्याने न सांगितलेले काय उरते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. बालरोगतज्ज्ञ या नात्याने या दुसऱ्या प्रश्नाशी माझा अनेकदा संबंध आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

दिवा आणि शिपाई यांत मूळ कोण, हे आधी पाहू. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला ब्रिटिश संसदेजवळ वाहतुकीचा पहिला सिग्नल उभारला गेला. तो घडविणारे जॉन पीक नाइट हे रेल्वेचे अभियंता होते. दिवसा त्याच्या खांबावरचे आडवे दांडे शिपायाच्या पसरलेल्या हातांचे काम करीत आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे लागत. जानेवारी १८६९ मध्ये गॅसचा स्फोट होऊन तो चालविणारा शिपाई जखमी झाला. सांगायचे एवढेच, की सिग्नल हा शिपायाच्या हाताची नक्कल म्हणून जन्मला. म्हणूनच दिवा एक सांगतो आणि गणवेशातील शिपाई दुसरे, असे झाल्यास शिपायाचेच ऐकावे, हा नियम आपल्या देशातही आहे. डॉक्टर मंडळींना हे सहज उमजावे. मॉनिटरवरचा आकडा आणि समोरचा रुग्ण यांत विसंगती दिसली, तर आपण रुग्णाकडेच पाहतो.

आता हातांची भाषा पाहू. शिकाऊ परवान्याच्या वेळी पाठ केलेला तो तक्ता बहुतेकांच्या विस्मृतीत गेलेला असतो. उजवा हात वर आणि तळहात पुढे, म्हणजे समोरून येणाऱ्यांनी थांबावे. डावा हात बाजूला खांद्याच्या रेषेत पसरलेला, म्हणजे पाठीमागून येणाऱ्यांनी थांबावे. दोन्ही खुणा एकाच वेळी केल्या, तर पुढचे आणि मागचे दोन्ही प्रवाह बंद. थोडक्यात, अशा वेळी ज्यांना शिपायाची छाती किंवा पाठ दिसते त्यांनी थांबायचे. ज्यांना त्याची बाजू दिसते, त्यांनीही आपण होऊन निघायचे नाही. तो आपल्याकडे पाहून हाताने बोलावील, तेव्हाच निघायचे. उजवीकडे वळणाऱ्यांसाठी तो बहुधा एका तळहाताने एक प्रवाह थोपवतो आणि दुसऱ्या हाताने वळण दाखवतो. खूण कोणासाठी आहे याची शंका आली, तर थांबारेषेमागेच राहावे. तो पुन्हा बोलावतो. त्यात आपले काही सेकंदच जातात.

उजवे वळण घेताना इंडिकेटर वेळीच द्यावा, मागचे पाहून गाडी रस्त्याच्या मध्यरेषेजवळ आणावी आणि आपला क्रम येईपर्यंत तिथेच थांबावे. शिपायाने समोरचा प्रवाह रोखून केवळ वळणाऱ्यांना वाट दिली असेल, तर प्रश्न नाही. एरवी समोरून सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे. कोपरा कापून तिरके घुसू नये. शिपायाने वेगळी खूण केली नसेल, तर चौकाचा मध्य आपल्या उजव्या हाताला ठेवून, त्यापलीकडून वळून नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूस लागावे.

इथपर्यंत आज्ञापालन झाले. खरा धोका यापुढे आहे. समजा, आपण दक्षिणेकडून आलो आणि आपल्याला पूर्वेकडे वळायचे आहे. आपल्याला वाट मिळाली, कारण पूर्व-पश्चिम वाहने थांबवलेली आहेत. पण ती थांबली आहेत हे पाहूनच त्या पूर्वेच्या रस्त्यावरचे पादचारी झेब्रा पट्ट्यांवर उतरतात, आणि त्यांनी उतरावे हे योग्यच आहे. म्हणजे आपल्याला वळण्याची आणि त्यांना ओलांडण्याची मुभा एकाच क्षणी मिळते आणि दोघांची गाठ वळणाच्या शेवटी पडते. शिपायाचा हात वाहनांना सांगतो, ‘आता तुमची पाळी.’ पुढचा रस्ता मोकळा आहे, असे तो सांगत नाही. त्याची पाठ कदाचित त्याच पट्ट्यांकडे असते. तिथे थांबून पादचाऱ्याला जाऊ देणे हे वळणाऱ्याचेच कर्तव्य आहे.

डावे वळण सोपे वाटते, म्हणून अधिक फसवे आहे. पुष्कळ ठिकाणी डावीकडची वाट सदैव खुली असते, परंतु ती फक्त फलक किंवा हिरवा बाण असेल तिथेच खुली मानावी. शिपायाने हात केला तर तिथेही थांबावे. लांब वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आत, पदपथाच्या बाजूला सरकतात. पुढचे चाक पदपथापासून हातभर दूर गेले, तरी मागचे त्याला घासून जाऊ शकते.

काही वर्षांपूर्वी सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आणली गेली. शाळा सुटल्यावर ती पदपथाच्या कडेला उभी होती. शिपायाने खूण केली आणि बस डावीकडे वळली. पुढचे चाक निघून गेले, म्हणून मुलीने एक पाऊल खाली टाकले आणि त्या पावलावरून मागचे चाक गेले. पाऊल वाचले, पण घोट्याखालची त्वचा सोलवटली होती. शल्यविशारद सहकाऱ्यांना दोनदा त्वचारोपण करावे लागले. शिपायाचा हात चुकला नव्हता आणि चालकाने आज्ञा मोडली नव्हती. चालकाची नजर त्या हाताकडे होती. डाव्या आरशाकडे नव्हती.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. रस्त्यावरही ते तितकेच खरे आहे. सहा वर्षांच्या मुलाची उंची सुमारे ११५ सेंटिमीटर असते. उंच गाडीच्या बॉनेटपुढे किंवा उभ्या रिक्षेच्या आड ते पूर्ण झाकले जाते. मोटारीच्या पुढच्या काचेलगतचा खांबही चालत्या मुलाला क्षणभर लपवतो. प्राथमिक शाळेच्या वयात येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज भरवशाचा नसतो. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांच्या रहदारीतील वर्तनाचा दीर्घ अभ्यास केला. लहान मुलांना केवळ शिकवून रहदारीशी जुळवून घेता येत नाही. रहदारीनेच त्यांच्याशी जुळवून घ्यायला हवे, हे त्याचे सार. शिवाय शिपायाचा बोलावणारा हात मुलाला आपल्यासाठीच आहे असे वाटू शकते.

तेव्हा करायचे काय? वळताना वेग चालण्याच्या वेगाजवळ आणावा. ताशी १५ किलोमीटरनेही गाडी सेकंदाला सुमारे ४ मीटर जाते. तेवढ्यात झेब्रा पट्टे संपतात. शिपायाची खूण मिळाल्यावर नजर त्याच्यावरून काढून वळणाच्या टोकाकडे न्यावी, डावा आरसा पाहावा आणि काचेच्या खांबामागचे दिसावे म्हणून मान थोडी पुढेमागे करावी. बस वा ट्रक वळत असताना त्याच्या आणि पदपथाच्या मध्ये दुचाकी घालू नये. दुचाकीवर मूल असेल तर त्याच्या डोक्यावर हेल्मेट हवे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला ते आवश्यक केले आहे. आजीआजोबांनी नातवंडाचा हात मनगटाशी धरावा, कोपऱ्यापासून दोन पावले मागे उभे राहावे आणि त्याला शिकवावे, की हात पाहून निघायचे नाही. चाके थांबलेली पाहून निघायचे.

शेवटचा शब्द आपल्या व्यवसायबंधूंना. काचेवरचे डॉक्टरी चिन्ह चौकात कोणतीही सवलत देत नाही. तातडीचा रुग्ण वाट पाहत असला तरीही नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांच्यापैकी कित्येक जण आपल्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर येऊन गेले असतील. त्या टेबलावर आपण जे करतो, त्याहून थोर काम कधीकधी चौकाच्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवून, एका दप्तरवाल्या पोराला पलीकडे जाऊ देण्यात असते.