खिशांतलें हत्यार व त्याचें पाणी



आपल्या आजोबांच्या पानाच्या चंचींत अडकित्ता असे, आणि कानकोरणें, दातकोरणें व बारीक चिमटा हीं एका कडींत ओवलेलीं असत. मुठींत मावतील अशीं अनेक साधनें जवळ बाळगण्याची हौस केवळ विलायती नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल. हल्लीं ती जागा घडी घालून मिटणाऱ्या मल्टिटूलनें घेतली आहे. असें हत्यार घरच्या घरीं आपल्या हाताजोगें कसें करून घ्यावें, आणि तें करितांना काय जपावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

१८९१ सालीं स्वित्झर्लंडच्या शिपायांना घडीचा चाकू मिळूं लागला. त्यांत पातें, डबा उघडण्याचें साधन, पेचकस व आरी अशीं चारच साधनें होतीं. कारण शिपायाच्या मुख्य गरजा दोनच, डब्यांतलें अन्न खाणें व बंदुकीचे स्क्रू सोडविणें. पुढें १८९७ सालीं कार्ल एल्सनर यानें अधिकाऱ्यांकरितां निराळा चाकू काढला. व्हिक्टोरिनॉक्सचा तांबड्या मुठीचा चाकू तो हाच. १९७५ सालीं टिम लेदरमन नांवाचा अमेरिकन तरुण जुन्या मोटारींतून युरोपांत हिंडत होता. मोटार वारंवार बिघडे, आणि खिशांतल्या चाकूला पक्कड नाहीं ही उणीव त्याला भासे. त्याचें पक्कड असलेलें हत्यार १९८३ सालीं बाजारांत आलें. दोन्ही वेळां गरज आधीं व हत्यार मागून आलें. आपण दुकानांत नेमकें उलट करितों: बारा साधनें आधीं विकत घेतों, आणि त्यांचें करावयाचें काय तें मागाहून पाहतों.

म्हणून पहिली पायरी कानस हातीं धरण्याची नव्हे, टिपणाची आहे. महिनाभर हत्यार जवळ ठेवावें व त्यानें केलेलें प्रत्येक काम वहींत लिहावें. चष्म्याचा स्क्रू आवळला, पार्सलाची दोरी कापली, विजेच्या प्लगाचे स्क्रू फिरविले, अशी यादी होईल. जें साधन महिन्यांत एकदांही उघडलें नाहीं, त्याचाच आकार बदलण्याचा विचार करावा.

सर्वांत निर्धोक बदल मुठीचा. व्हिक्टोरिनॉक्सच्या पुष्कळशा लहान चाकूंच्या प्लॅस्टिकच्या बाजू आंतल्या पितळी खिळ्यांच्या माथ्यांवर दाबून बसविलेल्या असतात. सर्व पातीं मिटून, पातळ बोथट पट्टीनें कडेकडेनें उचलल्यास त्या निघतात. त्यांच्या जागीं शिसवी लाकडाच्या चिपा बसवितां येतात. मात्र आंतल्या अंगास त्या माथ्यांपुरते खळगे अचूक कोरावे लागतात, आणि दातकोरणें व चिमटा ठेवावयाचा असेल तर त्यांच्या खांचाही. चिकटविण्याचा लेप सांध्यांत उतरूं नये म्हणून सांध्यांवर आधीं थोडें व्हॅसलिन लावावें. कांहीं पकडवजा हत्यारें स्क्रूंनीं जोडलेलीं असतात. तीं सुटीं करितांना प्रत्येक तुकडा क्रमानें पांढऱ्या कागदावर मांडून शेजारीं आंकडा लिहावा. मधली एक पातळ चकती हरवली तरी पातें शेजाऱ्याला घासूं लागतें.

आतां खरा नाजूक भाग. समजा, नखें घासण्याच्या पट्टीचें टोक चष्म्याच्या स्क्रूजोगें बारीक करावयाचें आहे. साधी कानस या पोलादावरून घसरते. हिऱ्याची कणी लावलेली कानस किंवा कुरुंदाचा दगड घ्यावा लागतो. घासल्यानें उष्णता उत्पन्न होते, आणि येथेंच घात होतो. आपले लोहार ज्याला ‘पाणी देणें’ म्हणतात, त्या क्रियेंत पोलाद लाल करून एकदम थंड करितात; त्यानें तें कठीण होतें, पण ठिसूळही. म्हणून तें पुन्हा बेतानें तापवून थोडा चिवटपणा आणतात. स्विस चाकूचें पातें सुमारें १०४० अंश सेंटिग्रेडला तापवून कठीण करितात, व नंतर सुमारें १६० अंशांवर ठेवून नरमाई आणितात. घासतांना उष्णता या दुसऱ्या आंकड्याच्या फार वर गेली, कीं पात्याचें पाणी उतरूं लागतें. साध्या पोलादावर आधीं गवती पिवळा व मग निळा रंग चढून ही सूचना मिळते. स्टेनलेसवर तेच रंग बरेच उशिरां येतात, म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबूं नये.

यावर घरगुती उपाय सोपा आहे. पाणी १०० अंशांस उकळतें. तेव्हां पात्यावर पाणी ओलें टिकून आहे, तोंवर तें सुरक्षित समजावें. दर चार-सहा घासांनंतर तें वाटींतल्या पाण्यांत बुडवावें, आणि बोटाला चटका बसण्याआधींच थांबावें. एकदां उतरलेलें पाणी घरच्या शेगडीवर पुन्हा चढवितां येत नाहीं.

भाईंदर पूर्वेस स्टेनलेसच्या भांड्यांचे लहान लहान कारखाने आहेत. तेथील फिरत्या चाकावर पातें चकचकीत करून घ्यावें, असा मोह येथील रहिवाशास सहज होतो. भांड्याचें व पात्याचें पोलाद एक नव्हे. चांगल्या भांड्यांत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. तें पाणी देऊन कठीण होत नाहीं, आणि लोहचुंबक त्याला फारसा चिकटत नाहीं. पात्याला तो चट्‌कन चिकटतो. भांडें चाकावर तापलें तर त्याचें पाणी जात नाहीं, कारण तें मुळांत नसतेंच; पात्याचें जातें. शिवाय वेगानें फिरणारें कापडी चाक धारेला पकडून पातें हातांतून हिसकावूं शकतें.

स्टेनलेस म्हणजे कधींच न गंजणारें, हाही गैरसमज आहे. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठीं पोलाद शोधीत असतां हा प्रकार त्याला सांपडला. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिपातळ थर लोखंडाचें रक्षण करितो. पण मीठ त्या थराला भेदतें. एका बाजूस वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र आणि मध्यें मिठागरें अशा आपल्या गांवीं ही हवाच खारट. पात्यांत क्रोमियम भांड्यापेक्षां बहुधा कमी असल्यामुळें त्यावर बारीक तांबूस टिपके लवकर पडतात. महिन्यांतून एकदां गोड्या कोमट पाण्यानें धुवून, पूर्ण वाळवून, सांध्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खाण्याचें तेल घालूं नये. तें कालांतरानें चिकट होऊन पातें अडकवितें.

दोन गोष्टींना मात्र हात लावूंच नये: पाठीची कमान, आणि पातें उघडें धरून ठेवणारी कळ. कळींतला केसभर फरकही दाब पडतांच पातें बोटांवर मिटवूं शकतो. हाताच्या चार बोटांपुढें सोयीची किंमत ती काय? बदललेल्या हत्यारावर उत्पादकाची हमी बहुधा राहत नाहीं, हेंही आधीं जाणून असावें. आणि विमानप्रवासांत असा चाकू हातच्या पिशवींत न ठेवतां सामानांत द्यावा.

सारांश, मूठ आपल्या आवडीप्रमाणें बदलावी, टोक आपल्या कामाप्रमाणें घडवावें. पण ज्या दोन गुणांवर हत्याराचा भरंवसा उभा आहे, तें त्याचें पाणी व त्याची कळ, ते कारखान्यानें दिले तसेच राखावेत. पहिला प्रयोग महागड्या चाकूवर न करितां जुन्या, टाकाऊ चाकूवर करावा. हात बसला म्हणजे मग नवा घ्यावा.