ख्रिस्ती धर्मगुरूंची आचारसंहिता : ठळक नियम

अधिकार कोणाचा? वीर, महाड, पोलादपूरसह रायगड जिल्हा कॅथलिक रचनेत मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो. प्रमुख : आर्चबिशप.

कॅथलिक धर्मसंहिता (१९८३)
• ब्रह्मचर्य बंधनकारक.
• पापनिवेदनातली गोष्ट फोडायची नाही. थेट भंग केल्यास आपोआप धर्मबहिष्कार.
• परवानगीविना व्यापारधंदा नाही.
• दान घेतलेल्या प्रत्येक हेतूसाठी स्वतंत्र मिस्सा (उपासनाविधी). ऐपत नाही म्हणून कोणाला संस्कार नाकारायचा नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (स्थापना : नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०) : प्रॉटेस्टंट परंपरा, पाळकांना विवाहाची मुभा.

तक्रार
• चर्चअंतर्गत : पोप फ्रान्सिस यांचा २०१९चा आदेश. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास धर्मगुरूंनी वरिष्ठांना कळवणे सक्तीचे.
• पॉक्सो कायदा, २०१२ : बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणीही पोलिसांना कळवणे बंधनकारक.