सहाशे लिटर, सात फेऱ्या

सकाळी 7.45. भोसरी एमआयडीसी. छोट्या हत्तीतून ट्रॉली उतरते. मोटर, गिअर पंप, फिल्टरचे दोन डबे. दोघांनी धरूनही मनगटं भरून येतात. तेल गाळणारे हे दादा बावीस वर्षं हेच काम करतायत. टेम्पोचं भाडं 700 रुपये, मदतीच्या पोराची हजेरी 600. ते सुटलं की मग स्वतःचं.

8.15. हायड्रॉलिक प्रेस चालू असतानाच तिच्या तेलाच्या टाकीच्या मध्यातून नमुना घेतात. पहिलं तेल बादलीत, मग बाटली. एक थेंब गरम तव्यावर. तडतडलं नाही, म्हणजे फारसं पाणी नाही. पाणी असतं तर फिल्टरचं एलिमेंटच वेगळं लागलं असतं. मग कण मोजायचं यंत्र : 21/19/16. पहिल्या आकड्याचा अर्थ असा, की मिलिलिटरभर तेलात चार मायक्रॉनहून मोठे दहा ते वीस हजार कण. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. डोळ्याला हे दिसत नाहीत, वॉल्व्हला कळतात.

9.00. ओढणारा पाईप टाकीच्या तळाशी, सोडणारा पार दुसऱ्या टोकाला. शेजारी लावले तर तेच तेल फिरत बसतं. टाकी 600 लिटरची, पंप मिनिटाला 20 लिटरचा. अर्ध्या तासाला एक फेरी. दादा सात फेऱ्या धरतात, कारण गाळलेलं तेल परत मळक्यातच मिसळतं. प्रेस एक मिनिटही थांबलेली नाही.

10.40. फिल्टरवरच्या दाबाचा काटा लाल पट्ट्यात. पंप बंद. डब्यातून काळं, चिकट एलिमेंट निघतं. नवं साडेचार हजारांचं. दादा कारखान्याच्या मालकाला सांगतात, "हा काटा नसेल तर युनिट घेऊच नका, शेठ. फिल्टर चोंदला की बायपास उघडतो. मोटर फिरते, तेल फिरतं, गाळलं काहीच जात नाही."

1.00. पुन्हा नमुना : 17/15/12. एक अंक उतरला की कण निम्मे. चार उतरले, म्हणजे सोळावा हिस्सा उरला.

1.30. भाकरी, मेथी, ठेचा. शेठना स्वतःचं युनिट घ्यायचंय. हातात तीन कोटेशनं, डोक्यात एक मायक्रॉन. दादा वेगळंच विचारतात. "मशिनी किती? तेल कुठलं?" चार प्रेस. तीनमध्ये 68 नंबरचं तेल, एकीत 46.

"मोठीला कायमचं बसवा. बाकीच्यांना ट्रॉली. पण पाईपात दोन-तीन लिटर राहतंच, म्हणून 46 ला लावायच्या आधी सगळं निथळून धुवून घ्या. मायक्रॉनचं नंतर बघू. एलिमेंट पुण्यात लगेच मिळतं का, ते आधी विचारा." कोटेशनातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला हा प्रश्न मोलाचा वाटला.

3.30. नवं बॅरल आलंय, 210 लिटरचं, सीलबंद. हेल्पर थेट टाकीत ओतणार, तेवढ्यात दादा त्याचा हात धरतात. सील तोडून नमुना घेतात : 20/18/15. सकाळपासून गाळलेल्या जुन्या तेलाहून हे मळकं. मग बॅरलला ट्रॉलीचा पाईप लागतो आणि तेल फिल्टरमधून टाकीत जाऊ लागतं. तुमच्याकडेही नवं बॅरल आलं असेल, तर ते थेट टाकीत ओतू नका.