हवेची किंमत

विद्यापीठातल्या जुन्या प्रयोगशाळेची क्लीनरूम करायचं ठरलं की बैठकीत यंत्रांच्या किमतींवर काथ्याकूट होतो. हवेचा हिशेब मागे राहतो, आणि पुढे प्रकल्प बहुधा तिथेच अडकतो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी १९६०च्या सुमारास आधुनिक क्लीनरूमची कल्पना मांडली. गाळलेली हवा संथपणे एकाच दिशेने वाहती ठेवायची आणि धूळ रेंगाळण्याआधीच तिला सोबत न्यायचं, हे त्या कल्पनेचं तत्त्व आजही कायम आहे. सूक्ष्म चिप घडवताना आयएसओ ५ दर्जा लागतो, तिथे घनमीटरभर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जास्तीत जास्त ३,५२० कण चालतात. त्यासाठी हवा छतातल्या फिल्टरमधून सेकंदाला सुमारे ०.४५ मीटर वेगाने उतरते. २.७ मीटर उंचीच्या खोलीतली हवा या वेगाने सहा सेकंदांत, म्हणजे तासाला ६०० वेळा बदलते.

वर्गखोल्यांसाठी बांधलेल्या इमारतीत एवढी हवा खेळवायला जागाच नसते. वर फिल्टर आणि डक्ट, खाली जाळीची उचललेली जमीन. दोन स्लॅबमधलं अंतर त्यातच संपतं. आम्लांची वाफ ओढणाऱ्या कपाटांतून बाहेर गेलेली हवा परत वापरता येत नाही, तेवढीच ताजी हवा सतत आत घ्यावी लागते. मुंबईच्या पावसाळ्यात ती आधी ओल निथळेपर्यंत गार करायची आणि मग पुन्हा थोडी तापवायची, असा विजेचा दुहेरी खर्च. तो टाळता येत नाही, कारण दमटपणा वाढला की सिलिकॉनच्या चकतीवर फोटोरेझिस्टचा, म्हणजे प्रकाशसंवेदी रसायनाचा, थर नीट धरत नाही.

मग कॅम्पसच्या टोकाला नवी इमारतच का बांधू नये? पैसा आणि जागा असेल तर जरूर बांधावी. पण जुन्या जागेची तंगी एक प्रश्न विचारायला भाग पाडते, आणि तो मला मोलाचा वाटतो: कोणत्या कामाला किती स्वच्छता हवी? लिथोग्राफीपुरता, म्हणजे चकतीवर प्रकाशाने नक्षी उमटवण्यापुरता, कोपरा आयएसओ ५ ठेवून बाकी जागेला आयएसओ ७ पुरत असेल, तर तिथे शंभरपट कण चालतात आणि हवेचा भार खूप उतरतो. कंपनं न सोसणारी यंत्रं तळमजल्यावर न्यावीत. लहान क्लीनरूममध्ये मोजक्याच संशोधकांची सोय होईल, हा आक्षेप खोली एका विभागाच्या मालकीची राहिली तरच खरा ठरतो. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००८पासून इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रामखाली आपल्या सुविधा देशभरच्या संशोधकांना खुल्या केल्या. त्यामुळे प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःची क्लीनरूम उभारण्याचा आग्रह धरायचं कारण उरत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप चालू खर्चाचा आहे. यंत्रांसाठी अनुदान एकदाच येतं, हवा मात्र रात्रीही चालू ठेवावी लागते. पंखे थांबले की बाहेरच्यापेक्षा जास्त राखलेला आतला दाब जातो आणि फटींतून धूळ आत येते. म्हणून नूतनीकरणाला मंजुरी देताना वीज, फिल्टर आणि कायमस्वरूपी तंत्रज्ञांचे पगार यांची किमान दहा वर्षांची तरतूद आधी मागावी, यंत्रांची यादी नंतर बघावी. ती तरतूद नसेल, तर तेच पैसे आपल्या विद्यार्थ्यांना पवईच्या आयआयटीत किंवा बंगळुरूला पाठवण्यावर खर्च करावेत.